आईची कुठली 'पिशवी' काढली, ते तिला तीन वर्षं माहीत नव्हतं. ऑपरेशनआधी पेशंटला नेमकं किती समजतं?

येरळाकाठ (मंगळवार, रात्री ९.१५)

नमस्कार मंडळी. मी इथं एरवी वाचनमात्र असतो. आज लिहायला बसलोय, कारण गेला आठवडाभर एकच गोष्ट डोक्यातून जात नाही.

आम्ही तासगावकडचे. मागच्या आठवड्यात मावशी आली होती. स्वयंपाकघरात तिच्या सुनेच्या पाळीच्या त्रासाचा विषय निघाला आणि आई सहज बोलून गेली, "माझी तर पिशवीच काढल्या, तीन वर्सं झाली. पर मला बी मधी दोनदा डाग दिसलं. म्हटलं पिशवी न्हाय तर कुठनं आसंल? उष्णतेनं आसंल."

मी बाहेर सोप्यात बसलो होतो. ऐकलं आणि तसाच आत गेलो.

तीन वर्षांपूर्वी मिरजेला आईचं ऑपरेशन झालं ते पित्ताशयाचं. पित्ताच्या पिशवीत खडे झाले होते. दुर्बिणीतून काढली, पोटावर चार छिद्रं, तिसऱ्या दिवशी घरी. गर्भाशय जिथल्या तिथं आहे. डॉक्टर "पिशवी काढावी लागेल" म्हणाले तेव्हा मी शेजारीच उभा होतो. मी ऐकली पित्ताची पिशवी, आईनं ऐकली तिची पिशवी. आपल्याकडं बाईमाणसाला पिशवी म्हटलं की दुसरा अर्थच नसतो. तिनं मान हलवली, मी मान हलवली, डॉक्टर पुढच्या पेशंटकडे गेले.

आई अठ्ठावन्न वर्षांची आहे, पाळी जाऊन आठ-नऊ वर्षं झालीत. दुसऱ्याच दिवशी तिला सांगलीला बायकांच्या डॉक्टरकडे नेलं. मॅडमनी समजावून सांगितलं की पाळी कायमची गेल्यावर एक थेंब जरी दिसला तरी तपासून घ्यायचंच, कारण काही जणींमध्ये ते गर्भाशयाच्या आतल्या अस्तराच्या कॅन्सरचं पहिलं लक्षण असतं. सोनोग्राफी झाली, तुकडा तपासायला गेला. काल रिपोर्ट आला, कॅन्सर नाही. हे लिहिताना अजून हात कापतोय.

अजून एक. गावात आशाताई तपासणीची यादी करायला आल्या होत्या. तिशीपुढच्या बायकांची गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरसाठी तपासणी असते ना, ती. आईनं त्यांनाही सांगितलं, माझी पिशवी काढली आहे. म्हणजे एक शब्द चुकीचा समजला आणि तो कागदोपत्री पुढे पुढे जात राहिला.

मी डॉक्टरांना दोष द्यायला हा धागा काढलेला नाही. त्यांनी ऑपरेशन उत्तम केलं. आणि आई अडाणी नाही. सातवी शिकलेली आहे, हरिविजय वाचते, बचत गटाचा सगळा हिशोब तिच्याकडे असतो. मी डिप्लोमा केलेला माणूस. संमतीपत्र इंग्रजीत होतं, चार ठिकाणी फुल्या मारून दिलेल्या, मी एकही ओळ न वाचता चारही सह्या केल्या. माझी चूक इथं आहे आणि ती मला टोचतेय.

आता पुढच्या गुरुवारी वडिलांचं हर्नियाचं ऑपरेशन आहे. ते कुणालाही काही विचारत नाहीत. "डाक्टर म्हणतील ती पूर्व दिशा." या वेळी मला नीट करायचंय. तुमच्यात डॉक्टर, सिस्टर कुणी असतील तर सांगा, पेशंटला खरं किती समजलेलं असतं? आणि आम्ही काय विचारायला हवं?

सिस्टर_सातारा (मंगळवार, रात्री १०.०२)

येरळाकाठ दादा, आईंचा रिपोर्ट चांगला आला हे वाचून बरं वाटलं. तुम्ही दुसऱ्याच दिवशी नेलंत हे फार चांगलं केलंत.

मी एकोणीस वर्षं सर्जिकल वॉर्डला आहे. शब्दाचा घोळ रोज बघते. सगळ्यात मोठा घोळ 'उपाशी' या शब्दाचा. "उद्या उपाशी यायचं" म्हटलं की आपला माणूस त्याचा अर्थ उपवास असा घेतो. आणि उपवासाला काय चालतं? चहा चालतो, दूध चालतं, केळं चालतं, साबुदाणा चालतो. कोरेगावकडच्या एक आजी सकाळी सातला साबुदाण्याची खिचडी खाऊन नऊच्या ऑपरेशनला आल्या होत्या. मी विचारलं, आजी काही खाल्लंय का? "न्हाय गं बाई, गुरवार हाय, निस्ता उपास." खरं तेच सांगत होत्या. त्यांचं ऑपरेशन दुसऱ्या दिवशी घेतलं. मुलगा रजा टाकून पुण्याहून आलेला, तो चिडला. त्याचा राग मला समजत होता, पण आजींची चूक नव्हती.

आणि चहा! "काही खायचं नाही" म्हटलं तर चहा कोण खातं? चहा पितात. म्हणून मी आता असं सांगते: "इतक्या वाजल्यानंतर पोटात काहीही जाऊ द्यायचं नाही. चहा नाही, दूध नाही, फळ नाही, पान-तंबाखू नाही. पाण्याचं वेगळं सांगते." मग विचारते, "घरी सूनबाईंनी विचारलं, सकाळी काय काय घ्यायचं, तर काय सांगाल?" त्या सांगतात तेव्हाच कळतं की समजलं का नाही. "समजलं का?" असं विचारून काही उपयोग नाही. त्याला सगळे हो म्हणतात.

भूलवाला_मिरज (मंगळवार, रात्री ११.२०)

सिस्टरनी लिहिलंय त्याचं कारण मी सांगतो, कारण 'का' समजलं की माणूस नियम पाळतो, नुसतं दटावलं तर लपवतो.

भूल दिल्यावर घशाचे स्नायू सैल पडतात. आपल्याला ठसका लागतो, खोकला येतो, ते सगळं बंद होतं. अशा वेळी पोटात अन्न असेल आणि ते उलटून वर आलं, तर थेट फुप्फुसात जाऊ शकतं. पोटातलं आम्ल फुप्फुसात जाणं हे जिवावरचं आहे. म्हणून हलकं खाल्ल्यानंतर किमान ६ तास, तळलेलं किंवा मटणाचं जेवण असेल तर ८ तास आणि साधं पाणी २ तास, असा सर्वसाधारण नियम आहे. दूध आणि दुधाचा चहा हे आम्ही अन्नातच धरतो, कारण पोटात गेल्यावर दूध फाटून घट्ट होतं. अंगावरच्या दुधावरच्या बाळाला ४ तास. डायबेटिस असेल, पोट हळू रिकामं होत असेल, तातडीचं ऑपरेशन असेल तर हिशोब बदलतो, म्हणून तुमच्या भूलतज्ज्ञांनी सांगितलेली वेळ हीच खरी वेळ.

हेही सांगतो की "रात्री बारानंतर पाणीसुद्धा नाही" हे सरसकट सांगणं आम्हीच वर्षानुवर्षं केलंय. दुपारी दोनचं ऑपरेशन आणि म्हातारा माणूस रात्री बारापासून कोरडा. हे चुकीचं आहे. पाणी कधीपर्यंत चालेल, हे स्पष्ट विचारा. विचारलेलं आम्हाला आवडतं.

आता न सांगितल्या जाणाऱ्या गोष्टी. आपल्या भागातली पहिली म्हणजे मिश्री. बायकांना "तंबाखू खाता का?" विचारलं की नाही म्हणतात आणि ते मनापासून असतं, कारण मिश्री त्या खात नाहीत, दातांना लावतात. पण मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. निकोटीन रक्तात जातंच. तंबाखूनं रक्तवाहिन्या आखडतात, जखमेला रक्त कमी पोचतं, टाके उशिरा भरतात. ओढणाऱ्यांच्या छातीत कफ होतो. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० मध्ये सांगितलंय की ऑपरेशनआधी निदान चार आठवडे सिगारेट-विडी सोडली तर गुंतागुंत कमी होते, आणि त्यापुढचा प्रत्येक आठवडा आणखी फायद्याचा. मी आता थेट विचारतो, "मावशी, मिश्री दिवसातून किती वेळा?" मग बरोबर उत्तर येतं.

दुसरी गोष्ट हलणारा दात आणि कवळी. तिसरी, रक्त पातळ करायची गोळी. ही स्वतःच्या मनानं बंदही करू नका, चालूही ठेवू नका. हृदयात स्टेंट असेल तर गोळी बंद करणं हेच धोक्याचं ठरू शकतं, आणि न सांगता चालू ठेवली तर रक्त थांबत नाही. चौथी, शुगरच्या गोळ्या. त्यातली काही तीन-चार दिवस आधी थांबवावी लागते. नावं पाठ नसली तरी चालेल, गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटांसकट पिशवी घेऊन या. आयुर्वेदिक चूर्ण असेल तर तेही.

'कमरेतल्या इंजेक्शन'बद्दल, म्हणजे कमरेखालचा भाग बधिर करणाऱ्या भुलीबद्दल, उद्या लिहितो, तो वेगळाच विषय आहे.

ऊसपट्टा (बुधवार, सकाळी ७.१०)

शुगरवरून आठवलं. आमचे चुलते ऑपरेशनच्या दिवशी सांगितल्याप्रमाणे कडक उपाशी राहिले आणि रोजच्यासारखं सकाळी इन्सुलिनचं इंजेक्शन घेऊन निघाले. पलूसच्या पुढं गाडीतच घाम फुटला, बोलणं अडखळायला लागलं. डब्यात साखर होती म्हणून वाचले. उपाशी राहा हे सांगितलेलं, इंजेक्शन घेऊ नका हे कुणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलेलं यांना ऐकू आलं नव्हतं. आजतागायत कळलं नाही. शुगरवाल्यांनी हे लिहूनच घ्यावं.

सीमाभाग (बुधवार, सकाळी ९.३०)

मी अथणीकडचा. आमच्या भागाचं मोठं दवाखान्याचं गाव म्हणजे मिरज. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये तिथं हॉस्पिटल सुरू केलं, तेव्हापासून आमच्या आज्या-पणज्या तिकडेच. अथणी, रायबाग, चिकोडी, सगळीकडून रोज गाड्या भरून पेशंट जातात.

पण विचार करा, येरळाकाठ यांच्या आईंना मराठीतलं मराठीत कळलं नाही. आमच्याकडच्या कानडी बाईला किती कळत असेल? माझ्या आत्याच्या वेळेला दुभाषी कोण होतं, तर तिचा अकरा वर्षांचा नातू, मिरजेला शाळेत आहे म्हणून. डॉक्टर त्याला सांगायचे, तो आज्जीला सांगायचा. गर्भाशयाचा विषय. ते पोर लाजून अर्धं गाळायचं. आत्या त्याला लघवीचा त्रास सांगेना. नंतर वॉर्डातल्या कानडी येणाऱ्या एका मावशींनी, म्हणजे साफसफाई करणाऱ्या मावशींनी, सगळं विचारून डॉक्टरांना सांगितलं. त्या मावशींचे उपकार आम्ही विसरणार नाही. पण हे काम असं कुणाच्या तरी चांगुलपणावर चालू नये.

घरातल्या लहान मुलाला यात उभं करू नका, ही माझी हात जोडून विनंती.

आबा_कराड (बुधवार, दुपारी १२.४५)

थोडं विरुद्ध बोलतो, रागावू नका. माझं वय बहात्तर, दोन ऑपरेशनं झालीत. सगळं सांगितलं की माणूस घाबरतो. माझ्या शेजारच्या कॉटवरच्या माणसाला डॉक्टरांनी सगळे धोके वाचून दाखवले, तो रात्रीतून निघून घरी गेला आणि पुढे सहा महिने दुखणं अंगावर काढलं. डॉक्टरवर विश्वास टाकल्याशिवाय टेबलावर झोपता येत नाही. प्रत्येकानं डॉक्टर व्हायची गरज काय?

भूलवाला_मिरज (बुधवार, दुपारी २.३०)

आबा, तुमचा मुद्दा खरा आहे आणि मी तो पाहिलेला आहे. पण तो माणूस माहितीमुळे पळाला की माहिती दिलेल्या पद्धतीमुळे? आदल्या रात्री, दिवे मालवायच्या वेळेला, धोक्यांची यादी एका दमात वाचून दाखवली तर मीसुद्धा पळेन. चार दिवस आधी ओपीडीत, घरचं कुणीतरी बरोबर असताना, "हे क्वचित होतं, झालं तर आम्ही असं करतो" असं सांगितलं तर तोच माणूस थांबतो. धोका सांगताना त्यावरचा उपाय सोबत सांगायचा असतो, तो आमच्याकडून राहतो.

विश्वासाबद्दल एक सांगू का? ऑपरेशनच्या टेबलावर भूल देण्याआधी आम्ही पेशंटला विचारतो: तुमचं नाव काय, कसलं ऑपरेशन आहे, कुठल्या बाजूचं? पुष्कळ जण दचकतात. एक काका म्हणाले, "साहेब, तुम्हालाच माहीत नाही?" ही जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ मध्ये आणलेली सुरक्षायादी आहे. भूल देण्याआधी, चिरा घेण्याआधी आणि पेशंट बाहेर काढण्याआधी, असं तीनदा थांबून मोठ्यानं तपासायचं. आठ शहरांतल्या आठ हॉस्पिटलांत ती वापरून पाहिली, त्यात आपलं दिल्लीही होतं. २००९ मध्ये निकाल आला तेव्हा मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ वर आणि गुंतागुंत ११ टक्क्यांवरून ७ वर आलेली होती.

आता येरळाकाठ यांची आई त्या टेबलावर आहे असं समजा. सिस्टर विचारणार, "कसलं ऑपरेशन?" त्या म्हणणार, "पिशवीचं." सिस्टर खूण करून पुढे जाणार. यादी बरोबर, उत्तर बरोबर, आणि समज पूर्ण चुकीची. काल रात्री हे वाचल्यापासून माझ्या मनात तेच आहे. उद्यापासून मी "कुठली पिशवी? हात लावून दाखवा" असं विचारणार आहे.

काळाकोट (बुधवार, सायंकाळी ६.००)

कायद्याच्या बाजूनं थोडक्यात. संमती म्हणजे सही नव्हे. १६ जानेवारी २००८ च्या निकालात सुप्रीम कोर्टानं हे स्वच्छ सांगितलं. त्या प्रकरणात पेशंटनं दुर्बिणीतून तपासणीला संमती दिली होती. भुलीखाली असताना तिच्या आईची संमती घेऊन गर्भाशय आणि बीजकोश काढले गेले. कोर्ट म्हणालं की तपासणीची संमती ही उपचाराची संमती होत नाही, आणि पेशंट सज्ञान, शहाणी असताना, जिवाला तातडीचा धोका नसताना दुसऱ्याची संमती चालत नाही. आजाराचं स्वरूप, उपचार काय, दुसरे पर्याय कोणते, मोठे धोके काय, उपचार न घेतल्यास काय होईल, एवढं पेशंटला समजेल असं सांगायला हवं.

म्हणून येरळाकाठ, तुमच्या सहीपेक्षा तुमच्या आईंची समज जास्त महत्त्वाची होती. तुम्ही मुलगा म्हणून सही केलीत तरी शरीर त्यांचं आहे.

महाराष्ट्रात जानेवारी २०२१ च्या सुधारित नियमांनुसार खासगी रुग्णालयांनी रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावायची आहे. ती वाचा. आणि केसपेपरची प्रत मागितल्यावर ७२ तासांत मिळायला हवी, हा नियम २००२ पासून आहे. पुढच्या दुखण्याला तो कागद फार उपयोगी पडतो.

मुक्काम_दहिवडी (बुधवार, रात्री ८.५०)

मी शिक्षक. एम.ए., बी.एड. तरी सांगतो, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर चिठ्ठीवर १-०-१ लिहिलेलं मी दोन दिवस "एक गोळी, मग एक दिवस नाही, मग एक" असं समजून घेत होतो. सकाळ-दुपार-रात्र हे बायकोनं मेडिकलवाल्याला विचारलं तेव्हा कळलं. वाचता येणं आणि दवाखान्यातलं वाचता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आमच्या वाडीवर एका घरात "रिपोर्ट निगेटिव्ह आला" म्हणून रडारड झाली होती. निगेटिव्ह म्हणजे वाईट, असंच त्यांना वाटलं.

आणि विसरणं! भीतीत कान चालत नाहीत. २००३ साली एका वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या लेखात वाचलं होतं की डॉक्टरांनी सांगितलेल्यातलं ४० ते ८० टक्के पेशंट तिथल्या तिथं विसरतो, आणि लक्षात राहिलेल्यातलं निम्मं चुकीचं असतं. वर्गातल्या पोरांचंही असंच असतं. म्हणून आम्ही फळ्यावर लिहितो, वहीत उतरवायला लावतो, परत विचारतो. दवाखान्यात फळा नाही, वही नाही, परत विचारणं नाही. शंभर पानांची वही घ्या, दादा. वरती वडिलांचं नाव घाला.

भूलवाला_मिरज (बुधवार, रात्री १०.४०)

कमरेतलं इंजेक्शन. हर्नियाला बहुधा हेच देतात, म्हणून येरळाकाठ यांच्यासाठी.

"ते इंजेक्शन घेतलं आणि जन्माची कंबर गेली," हे मी रोज ऐकतो, विशेषतः सिझर झालेल्या बायकांकडून. सुई टोचल्याच्या जागी काही दिवस दुखू शकतं. पण वर्षानुवर्षं राहणारी कंबरदुखी या इंजेक्शनमुळे होते, असं अभ्यासांत दिसलेलं नाही. गरोदरपणात पाठीवर पडलेला ताण, नंतर बाळाला वाकून घेणं, लगेच शेतात-घरात ओणवं काम, ही कारणं जास्त खरी. काही जणांना मात्र या इंजेक्शननंतर काही दिवस उठून बसल्यावर डोकं दुखतं आणि आडवं झाल्यावर थांबतं. ते झालं तर लगेच सांगा, त्यावर उपाय आहे. पाय काही तास जड, बधिर राहतात. हे आधी माहीत नसेल तर माणूस "माझे पाय गेले" म्हणून ओरडतो, आणि ती भीती फार वाईट असते.

ताई_विटा (गुरुवार, सकाळी ८.१५)

कुणीतरी खर्चाचंही लिहा. महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे, पूर्वीची जीवनदायी. २०१२ ला आठ जिल्ह्यांत सुरू झाली, पुढच्या वर्षी राज्यभर. आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्र बसतात, रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी त्यांना भेटा, ऑपरेशन झाल्यावर नाही. तुमचं ऑपरेशन त्या हॉस्पिटलात योजनेत बसतं का, हे १५५३८८ वर फोन करून विचारता येतं. आमचे दीर आधी पैसे भरून मोकळे झाले, मग कळलं.

सिस्टर_सातारा (गुरुवार, दुपारी ३.३०)

वेळ मिळाला म्हणून ऑपरेशननंतरचं लिहिते, कारण घरी गेल्यावरचे घोळ आम्हाला दिसत नाहीत, ते परत येतात तेव्हा दिसतात.

तीन रंगीत गोळ्यांचं श्वासाचं यंत्र देतात ना, ते. दहातले सहा-सात जण त्यात फुंकतात, हे मी माझ्या वॉर्डवरून सांगते. फुंकून गोळी हलत नाही म्हणून आणखी जोरात फुंकतात, टाक्यांवर ताण येतो, मग खिडकीत ठेवून देतात. ते फुंकायचं नसतं, नळी तोंडात धरून श्वास आत ओढायचा असतो. हळू आणि खोल. फुप्फुसाचे खालचे भाग उघडावेत, कफ साचून न्यूमोनिया होऊ नये म्हणून. ऑपरेशनच्या आधीच दोन दिवस सराव केला तर सोपं जातं. नंतर दुखत असताना नवीन काही शिकता येत नाही.

दुसरं, खाणं. "वरण खाल्लं की टाक्यात पू होतो", "भातानं जखम ओली राहते", "अंडं उष्ण". घरी गेलेल्या पेशंटला पंधरा दिवस नुसती भाकरी आणि दुधीची भाजी. जखम भरायला प्रथिनं लागतात. डाळ, उसळ, अंडं, दूध, मासे, जे घरात खातात ते. पू जंतूंमुळे होतो, वरणामुळे नाही. सासूबाईंना हे समजावायचं तर सुटीच्या दिवशी त्यांनाच वॉर्डात बोलवा, डॉक्टरांच्या तोंडून ऐकू दे. सुनेनं सांगून चालत नाही, हे मी माझ्या घरातही बघितलंय.

तिसरं, पडून राहणं. आराम म्हणजे झोपून राहणं नव्हे. पायाच्या पोटऱ्यांत रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून उठवतात. आम्ही पहिल्या दिवशी चालायला लावलं की नातेवाइकांना आम्ही निर्दयी वाटतो.

आणि बांगड्या. मंगळसूत्र, हिरवा चुडा काढायचा म्हटलं की बाई रडते. कारण असं आहे की रक्त थांबवायला विजेचं उपकरण वापरतात, अंगावर धातू असेल तर भाजू शकतं. काचेच्या बांगड्या फुटून लागू शकतात, सुजेत हात आवळू शकतात. माझी एक पद्धत आहे. मी "उतरवा" म्हणत नाही, "नवऱ्याच्या हातात ठेवायला द्या, वॉर्डात आल्यावर त्यांच्याच हातानं घाला" म्हणते. काहींचा चुडा अगदीच निघत नसेल तर भूलतज्ज्ञांना विचारून चिकटपट्टीनं गुंडाळतो. एवढं बोलायला दोन मिनिटं लागतात.

आबा_कराड (गुरुवार, सायंकाळी ५.१०)

सिस्टर, त्या यंत्रात मी महिनाभर फुंकत होतो. मला कुणी सांगितलं नव्हतं. कालचं माझं म्हणणं थोडं मागे घेतो.

येरळाकाठ (पुढचा शुक्रवार, रात्री ९.४०)

सगळ्यांचे मनापासून आभार. काल वडिलांचं ऑपरेशन झालं, आत्ता वॉर्डातूनच लिहितोय.

दहिवडीच्या सरांनी सांगितलं तशी वही केली. रविवारी संध्याकाळी वडिलांना घेऊन बसलो. म्हटलं, दादा, मला सांगा, तुमचं काय ऑपरेशन करणार आहेत? आधी चिडले. "तुला म्हाईत न्हाय व्हय?" मग हळूहळू बोलले. त्यांची समज अशी होती की आतडं फाटलंय, ते कापून टाकणार आणि त्या जागी जाळी बसवणार. आणि ती जाळी लोखंडाची. आपण द्राक्षबागेला, कुंपणाला वापरतो तसली. ती आत गंजली तर काय, उसाच्या मोळ्या उचलताना तुटली तर काय, हे ते तीन आठवडे मनात घेऊन फिरत होते. कुणाला बोलले नव्हते. आईला तेवढं म्हणाले होते की माझ्यामागं विहिरीच्या मोटारीचं बिल थकवू नका.

सोमवारी तपासणीला गेलो तेव्हा वहीत पहिलाच प्रश्न तो लिहिला होता. सर्जन मोठे भले माणूस. त्यांनी खणातून जाळीचा एक तुकडा काढून वडिलांच्या हातात दिला. प्लास्टिकच्या धाग्याची, मच्छरदाणीसारखी मऊ. वडिलांनी ती बोटांत चुरगाळून बघितली, उजेडाकडे धरून बघितली. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून सांगितलं की पोटाच्या भिंतीला एक सैल जागा झालीय, तिथून आतडं बाहेर डोकावतंय, ते आत ढकलून त्या जागेला हे ठिगळ लावायचं. आतडं कापायचं नाही. "पोत्याला भोक पडल्यावर आतून ठिगळ लावता तसं." वडील म्हणाले, "आसं व्हय."

मग भूलतज्ज्ञांनी विचारल्यावर त्यांनी स्वतःहून सांगितलं की ते रोज तंबाखू खातात. आजवर कुठल्याही दवाखान्यात हे सांगितलेलं नव्हतं. पाणी सकाळी सहापर्यंत चालेल, बीपीची गोळी कुठली घ्यायची आणि कुठली नाही, सगळं त्यांच्या अक्षरात वहीत आहे. मोडी वळणाचं अक्षर आहे, पण त्यांना वाचता येतं.

संमतीपत्र मराठीत मागितलं. पाच मिनिटं थांबावं लागलं, पण मिळालं. आईनं मोठ्यानं वाचून दाखवलं आणि सही वडिलांनी केली.

काल टेबलावर सिस्टरनी विचारलं तेव्हा त्यांनी उजव्या जांघेवर हात ठेवून दाखवला म्हणे. आज सकाळी दोन फेऱ्या चालले. शेजारच्या कॉटवर कवठेमहांकाळचे एक काका आहेत, त्यांचं उद्या आहे, तेही हर्नियाच. दुपारपासून दोघांचं चाललंय. मघाशी वडील त्यांना सांगत होते, "मऊ असती वो. सायबाला म्हनावं हातात द्या, बघू द्या."

आईला परवा सांगलीला पुढच्या तपासणीला न्यायचंय. तिनं स्वतःची वेगळी वही मागितली आहे.